गेममधला घोडा झाडावर का आदळतो, आणि तो हाकायचा कसा

घोडा ऐकत नाही, ही तक्रार आमच्या दुकानात रोजची. बेळगावच्या शहापुरात तासावर प्लेस्टेशन देण्याचं आमचं छोटं दुकान आहे. धंदा चालतो तो क्रिकेट, फुटबॉल आणि मारामारीच्या गेमांवर, खरं सुट्टीच्या दिवसांत एखादी मोठी गेम रोज थोडी थोडी संपवणारी पोरंही येतात. वडगावचा असो की खासबागचा, पहिल्यांदा घोड्यावर बसलेला पोरगा थोड्याच वेळात झाडावर आदळतो आणि माझ्यापुढं कंट्रोलर धरतो: "अक्का, ह्यो घोडा ऐकंनाच झालाय की!" कन्नड घरातला असला तर थेट टीव्हीलाच ओरडतो, "ए कुद्री, निंद्र!" म्हणजे ए घोड्या, थांब. घोडा बिचारा बोटांचं ऐकत असतो, आणि बोटं चाललेली असतात मोटारसायकलवर बसल्यासारखी. ॲक्सिलरेटर पिळला की पळाला, हँडल वळवलं की वळला, ब्रेक दाबला की जागेवर उभा.

आमचे अप्पा निपाणी स्टँडवर टांगा हाकायचे. घरी घोडी असायची, चंदी-वैरणीपासून खराऱ्यापर्यंत सगळं आम्ही भावंडं करायचो. त्यामुळं गेममधला घोडा बघताना माझं लक्ष आधी त्याच्या कानाकडं आणि पायाकडं जातं. खऱ्या घोड्याची माहिती गेममध्ये कामाला येते का? काही गेममध्ये चांगलीच येते, काहींत अजिबात नाही. म्हणून आधी कुठल्या जातीची गेम आहे ते ओळखायचं.

त्याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या मैदानात घोडा उभा करा आणि कंट्रोलरची डावी स्टिक, म्हणजे अंगठ्यानं हलवायची दांडी, एकदम आडवी ढकला. घोडा जागच्या जागी गर्रकन वळला तर त्या गेममध्ये घोडा म्हणजे तुमचेच चार पाय. २०२२ ची एल्डन रिंग या जातीतली. तिच्यातला टोरेंट शिंगं असलेला, शिट्टी फुंकली की हवेतून प्रकट होणारा, उडी मारून हवेतच दुसरी उडी मारणारा. त्याला हाकायचं नसतंच, तुम्हीच वेगानं पळता एवढाच अर्थ. तिथं लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. सर्कल बटण दाबून मारलेली झेप तुमचा दम खाते, म्हणून लढताना सगळा दम झेपेत घालवू नका. आणि टोरेंट मेला तर त्याला परत बोलवायला तुमच्या औषधाच्या कुपीतला एक घोट जातो. बाकी त्याच्याबद्दल शिकवण्यासारखं फार नाही.

स्टिक आडवी ढकलल्यावर घोडा मोठा फेर घेऊन वळला, किंवा आधी क्षणभर विचार केल्यासारखा थबकला, तर तुम्ही स्वार आहात आणि घोडा वेगळा आहे. पोरांचं सगळं बिनसतं ते या दुसऱ्या जातीत. इथं हात जितका कमी चालवाल तितका घोडा चांगला चालतो. अप्पांच्या हातातला लगाम मी कधी ताणलेला बघितला नाही. ढिला असायचा, खरं सोडलेला नसायचा. घोडीचा एक कान कायम त्यांच्याकडं वळलेला असायचा, बोट हललं तरी तिला कळायचं. गेमच्या घोड्याला एवढी जाण नाही, पण स्टिक घट्ट धरून सारखी डावी-उजवी केली तर तोही तसाच वेडावाकडा पळतो, यात त्याची काय चूक?

रेड डेडचा घोडा

दुकानात सगळ्यात जास्त घोडा चालतो तो रेड डेड रिडेम्प्शन २ मधला. प्लेस्टेशनवर २०१८ साली आली, संगणकावर पुढच्या वर्षी. हिच्यातला घोडा शिकलात तर बाकीचे सोपे जातात, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

वेग वाढवायला एक्स दाबायचा. प्रत्येक दाबण्याला घोडा एक पायरी चढतो: चाल, दुडकी, धाव, मग चौखूर. पोरं काय करतात, एक्स बटण फुटेपर्यंत बडवत बसतात. घोड्याचा दम बघता बघता संपतो. याच मालिकेतल्या २०१० च्या गेममध्ये तर दम संपल्यावरही टाच मारत राहिलात की घोडा सरळ तुम्हाला खाली आपटायचा. खरा घोडाही तेच करेल.

बडवायचं नाही, ऐकायचं. टीव्हीचा आवाज वाढवा किंवा हेडफोन लावा आणि टापा ऐका. खऱ्या घोड्याच्या चालीत चार ठोके असतात, एकेक पाय वेगळा पडतो. दुडकीत दोनच, कारण पुढचा एक आणि तिरप्या बाजूचा मागचा असे पाय जोडीनं पडतात. धावेत तीन ठोके आणि मग बारीकशी गप्प जागा. चौखूर उधळला की परत चार, पण इतके जवळजवळ की एकच गडगडाट वाटतो, आणि प्रत्येक झेपेत एक क्षण चारही खूर जमिनीच्या वर असतात. माणसाच्या डोळ्याला हे दिसत नव्हतं. १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं अमेरिकेत पळत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढले तेव्हा खात्री पटली. गेम बनवणारे पाय हलवतात ते याच हिशोबावर.

तर चौखूर पळताना दर झेपेला एकदा एक्स दाबा, टापांच्या लयीत. लय धरली की वेग तोच राहतो आणि दम फार कमी जातो. लांबच्या प्रवासात धावेच्या पायरीला आलात की एक्स नुसता दाबून धरा, घोडा तोच वेग राखतो. कथेतल्या आपल्या टोळीबरोबर जाताना दाबून धरला तर सोबत्यांच्या वेगाला वेग जुळवून घेतो, मग त्यांच्या गप्पा ऐकत जायचं. नुसतं सोडून दिलंत तर हळूहळू मंदावत चालीवर येतो. ते तुम्हाला हवंच असतं, वळणाच्या आधी.

आता आदळण्याचं मूळ कारण. या गेममध्ये डावी स्टिक पुढं ढकलली म्हणजे घोडा त्याच्या नाकासमोर जातो असं पोरांना वाटतं. तसं नाही. कॅमेरा, म्हणजे पडद्यावरची आपली नजर, जिकडं बघतेय तिकडं तो जातो. म्हणजे पळता पळता बाजूचं हरीण बघायला उजव्या स्टिकनं कॅमेरा फिरवलात आणि डावी तशीच पुढं दाबून ठेवलीत, की घोडा हरणाच्या दिशेनं वळणार, आणि मध्ये झाड असलं तर झाडावर जाणार. रस्ता वळतो तिथंही हेच होतं. कॅमेरा उशिरा वळतो, मग घाईनं डावी स्टिक टोकाला नेतात, घोडा जास्त वळतो, मग उलट ओढतात, आणि ओढ्यात.

यावर उपाय दोन. एक, बाजूला बघायचं असेल तर डावी स्टिक सोडून द्या. एक्स धरून ठेवलेला असला तर घोडा आपल्या वाटेनं जातो, तुम्ही खुशाल हरीण बघा. दोन, वळणार असाल तेव्हा आधी कॅमेरा वळवा, घोडा मागून येऊ द्या. खऱ्या घोड्यावर बसणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी सांगतात की जिकडं जायचं तिकडं बघ. तुमची मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की मांडीचा दाब बदलतो, आणि घोड्याला पाठीवर ते कळतं. गेममध्ये मांडीचं काम कॅमेरा करतो एवढंच.

ब्रेक आर-वन बटणावर आहे. थोडा दाबला तर मंदावतो, दाबून धरला तर करकचून थांबतो. चौखूर धावणाऱ्या घोड्याला वळणावर आल्यावर आर-वन दाबून उपयोग नाही, वळणाच्या आधी दोन झेपा असताना दाबा, धावेवर आणा, मग वळा. झाडीत तर दुडकीच्या वर जाऊच नका. बारीक खोड दिसतं म्हणून पोरं मधून घुसतात. या गेममध्ये बारीक खोडालाही धडकलात की घोडा आणि स्वार दोघं उलथेपालथे. एक पोरगा दर वेळी पडला की हसायचा, त्याला ती पडण्याचीच मजा. त्यानं पैसे भरलेत, पडू दे. घोडा मात्र प्रत्येक आदळण्यात जखमी होत असतो, आणि या गेममध्ये मेलेला घोडा परत येत नाही. शेजारच्या तबेल्यातून दुसरा घ्यावा लागतो, आणि जोडलेलं सगळं नातं त्याच्याबरोबर जातं.

कुंपणावरून उडी मारायला स्क्वेअर. धावेत असताना, कुंपणाच्या एक झेप अलीकडं दाबा. अगदी टेकून दाबलात तर घोडा छातीवर अडतो. चढ-उतारावर सरळ खाली जाऊ नका, तिरपं उतरा, राजहंसगडाच्या उतारावर वाट सोडलेला माणूस नागमोडी उतरतो तसं. सरळ उतरवलात की पाय घसरून कोसळतो.

मग भिण्याची गोष्ट. वाटेत साप, लांडगा, कूगर नावाचा बिबट्याएवढा प्राणी असला की घोडा फुरफुरतो, मान झटकतो, मागच्या पायांवर जातो. पोरं तेव्हाच टाच मारतात. भ्यालेल्या जनावराला टाच मारणं म्हणजे 'पळ, मला टाकून पळ' असं सांगणं. एल-थ्री दाबा, म्हणजे डावी स्टिक आत दाबा. स्वार मान थोपटतो, दोन शब्द बोलतो आणि घोडा शांत होतो. भ्यायच्या आधीच, फुरफुरायला लागल्याबरोबर दाबलंत तर उत्तम. लढाईत गोळीबार सुरू होणार असं दिसलं की मीही आधीच थोपटून घेते. थोपटणं, खरारा करणं, चारा देणं यानं घोड्याशी नातं वाढतं. नात्याच्या चार पायऱ्या आहेत. पायरी चढली की शिट्टी लांबून ऐकू येते, मागच्या पायांवर उभं राहणं, घसरत वळणं असले प्रकार उघडतात. हे प्रकार दाखवायला पोरं फार मरतात, पण खरारा करायचा कंटाळा. ब्रश मारला नाही तर घोडा मळतो आणि त्याची तब्येत भरून यायला वेळ लागतो, हे गेमनं चांगलं केलंय.

घोडा कुठला घ्यावा? गेममध्ये वळण्याच्या स्वभावावरून घोड्यांचे चार वर्ग केलेत: जड, साधा, शर्यतीचा आणि सगळ्यात वरचा. शायरसारखा भला मोठा घोडा घेतलात तर तो धक्क्याला खंबीर, पण वळताना बैलगाडीएवढी जागा घेतो. अरबी घोडा छोटा आणि चपळ, स्टिक हलवायच्या आत वळतो. पांढरी अरबी पश्चिमेकडच्या बर्फात इझाबेला तळ्याकाठी रानटी सापडते, पैसे लागत नाहीत. हळू जवळ जा, तिला धीर देत जा, पळायला लागली तर थांबा. बसल्यावर ती जिकडं फेकेल त्याच्या उलट स्टिक धरून तोल राखा. नवशिक्यानं मात्र साध्या वर्गातल्या घोड्यावरच शिकावं. चपळ घोड्यावर हाताची चूक दुप्पट दिसते.

न हाकता पळणारा

अंकलीचे अश्व आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. चिकोडी तालुक्यातलं अंकली, शितोळे सरकारांचं गाव. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसाठी दरवर्षी तिथून दोन अश्व पायी आळंदीला जातात, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली रीत. वारीत रिंगण लागलं की एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणी नाही. लगाम ओढणारा नाही, टाच मारणारा नाही, दोन्ही बाजूंना हजारो माणसं, आणि तो आखलेल्या गोलावरून सुसाट धावतो. रिंगण बघितलेल्या माणसाला मी पुढची गेम समजावते तेव्हा फार बोलावं लागत नाही.

ती गेम म्हणजे २००५ ची शॅडो ऑफ द कोलोसस. प्लेस्टेशन ४ वर २०१८ साली नव्यानं करून आली. फुमितो उएदा या जपानी माणसानं बनवलेली. तिच्यातली काळी घोडी आग्रो. पोरं हिला शिव्या घालतात, कारण ती लगेच ऐकत नाही. हाक मारली तर सावकाश येते, वळवलं तर आपल्या मनानं थोडं जास्त फिरते, कड्याच्या टोकाला गेलं की स्वतःच थांबते. ती बिघडलेली नाही. ती तशीच बनवलीय. तिच्यात तुम्ही घोडी हलवत नाही, स्वाराला सांगता की तिला सांग.

आग्रोला चालवायची युक्ती अशी की टाच मारून वेग द्या आणि मग स्टिक सोडा. अरुंद घळीतून, कड्याच्या कडेनं, पुलावरून ती आपण होऊन वळत जाते. दिशा बदलायची असेल तेव्हाच स्टिकला हात लावा, तोही थोडा. हे कळलं नाही तर गेममध्ये ओळीनं मारायच्या राक्षसांतला दहावा मरतच नाही. तो वाळूखालून येतो, मागं लागतो, त्याचे डोळे वाळूच्या वर आले की पळत्या घोडीवरून मागं वळून बाण मारायचा. पोरं एका हातानं घोडी सांभाळतात, दुसऱ्या हातानं नेम धरतात, आणि घोडी भिंतीला घासून मंदावते. नेम धरायची वेळ आली की घोडी विसरा. भिंत आली तर ती वळेल. तुमचे दोन्ही हात धनुष्यावर ठेवा. तेराव्या राक्षसाच्या वेळी तर जमिनीजवळून उडणाऱ्या त्याच्या पंखाच्या बाजूनं घोडी पळवून तिच्या पाठीवरून उडी घ्यायची असते. तिथंही आधी सरळ लावून द्यायची, मग स्टिकचा उपयोग फक्त जवळ जाण्यापुरता.

टांग्यातही हेच असायचं. रोजच्या वाटेवर अप्पा कधी कधी डुलकी काढायचे आणि घोडी आपली घरी आणायची. आई रागवायची ते सोडा.

रस्ता धरणारे

२०१५ च्या विचर ३ मध्ये रोच नावाची घोडी आहे. एक्स दाबून धरला की धाव, दोनदा दाबून धरला की चौखूर. रस्त्यावर आणून एक्स धरा आणि डावी स्टिक पूर्ण सोडा, घोडी रस्त्याची वळणं स्वतः घेते. रेड डेडमध्येही नकाशावर ठिकाण लावून, टचपॅड दाबून धरून सिनेमासारखा कॅमेरा लावला की घोडा रस्त्यानं आपोआप जातो. लांब पल्ल्याला मी नेहमी हेच करते, तेवढ्यात दुसऱ्या टेबलाचा हिशोब होतो.

विचरमध्ये घोडीला झापडं मिळतात. पोरं ती दुकानात विकून टाकतात, कारण दिसायला काही नाहीत. घोड्याचे डोळे बाजूला असतात, म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकापुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. टांग्याच्या घोड्याला बाजूनं बस आली की बुजू नये म्हणून झापडं लावतात. रोचलाही राक्षस बघून भीती चढते आणि ती भरली की स्वाराला पाडते. चांगली झापडं घातली की भीती उशिरा भरते. मग घोड्यावरून लढायचं असलं तर आधी झापडं घ्या, तलवार नंतर.

झेल्डाच्या जुन्या गेममध्ये, १९९८ च्या ओकारिना ऑफ टाइममध्ये, एपोना नावाच्या घोडीला पळवायला पडद्यावर सहा गाजरं असायची. टाच मारली की एक गाजर कमी, थोड्या वेळानं परत यायचं. सगळी एकदम संपवलीत तर थांबायला लागायचं. तेव्हा कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, खरं घोड्याचा दम लहान पोराला समजावायला याच्याइतकं सोपं अजून कुणी केलेलं नाही. एक गाजर कायम शिल्लक ठेवायचं, कुंपण आलं की वापरायचं. झेल्डाच्याच २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये रानटी घोडा पकडायचा असतो. मागून दबकत जा, ए बटण दाबून बसा, आणि तो उधळायला लागला की एल बटण परत परत दाबून शांत करा. त्यात तुमचा स्वतःचा दम जातो, म्हणून दम भरलेला असतानाच हात घाला. ठिपक्यांचे घोडे गरीब स्वभावाचे, एकाच रंगाचे तापट पण गुणाचे. पागेत नोंद करेपर्यंत तो तुमचा नाही. सुरुवातीला तो भलतीकडं जाईल. तेव्हा स्टिकनं खेचत बसू नका, सरळ केल्यावर लगेच एल दाबून थोपटा, नातं त्यानंच वाढतं. नातं पुरं झालं की हाही रस्ता धरून चालतो.

घोस्ट ऑफ त्सुशिमाच्या घोड्याला दमच नाही, कितीही पळवा. शिट्टी मारली की बाजूनं पळत येतो आणि पळता पळताच बसता येतं, बांबूही वरच्या वर वेचता येतात. घोडा म्हणून त्यात शिकण्यासारखं कमी, पण पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मी हीच लावून देते. कॅमेरा वळवून वाट धरायची सवय लागते आणि चुकीला शिक्षा नाही.

संगणकावरची लढाई

घरी संगणक असलेल्यांनी माउंट अँड ब्लेड बघावी, २०१० ची वॉरबँड किंवा २०२२ ला पूर्ण झालेली बॅनरलॉर्ड. इथं रेड डेडच्या उलट सगळं. डब्ल्यूनं वेग, एसनं कमी, ए आणि डीनं घोड्याचं तोंड वळतं, आणि माऊसनं बघणं पूर्ण वेगळं. मागं बघितलं तरी घोडा सरळच जातो. ज्याला रेड डेडची सवय आहे तो इथं माऊस फिरवून घोडा वळण्याची वाट बघत बसतो आणि शत्रूच्या रांगेत घुसतो. वेग चढायला वेळ लागतो, उतरायलाही, म्हणून लांबून सुरुवात करा. जितका वेग तितका घाव मोठा. भाला बगलेत धरून मारायचा असेल तर वॉरबँडमध्ये पुरेसा वेग आला की तो आपोआप खाली येतो, बॅनरलॉर्डमध्ये त्यासाठी एक्सची कळ आहे. घाव घातल्यावर वळायचं नाही, पार निघून जायचं, लांब जाऊन मोठा फेर घ्यायचा आणि परत यायचं. गर्दीत थांबलेला घोडेस्वार म्हणजे जमिनीवरच्या शिपायाला मिळालेली शिकार. आपल्या मराठ्यांच्या गनिमी काव्याच्या गोष्टी लहानपणी ऐकलेल्या पोराला हे पटकन समजतं.

लहान मुलं माइनक्राफ्ट खेळतात. तिथं घोडा माणसाळवायला परत परत बसायचं आणि तो परत परत फेकणार, सफरचंद किंवा साखर दिली तर लवकर ऐकतो. खोगीर नसलं तर हाकता येत नाही. उडीसाठी स्पेसबार दाबून धरला की खाली पट्टी भरते, ती भरत आली की सोडायचं. प्रत्येक घोड्याचा वेग आणि उडी जन्मतः वेगळी, म्हणून पहिल्या सापडलेल्यावर समाधान मानू नका.

टीव्ही आणि कंट्रोलर

घोडा उशिरा ऐकतो त्यातला थोडा उशीर टीव्हीचा असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावा. चित्र गुळगुळीत करायचे बाकीचे प्रकार बंद. आमच्या दुकानात एका टीव्हीवर गेम मोड नाही, त्यावर मी फुटबॉल देत नाही आणि घोडाही देत नाही. कंट्रोलरचं व्हायब्रेशन चालू ठेवा, बऱ्याच पोरांनी बॅटरी वाचवायला बंद केलेलं असतं. आवाज बंद ठेवून खेळायची वेळ आली तर काय घडतंय त्याचा थोडा अंदाज हातालाच येतो. कॅमेऱ्याची संवेदना, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, थोडी कमी करा. गोळ्या मारायच्या गेमसाठी ती वाढवलेली असते आणि तोच वेग घोड्यावर घेऊन येतात. डावी स्टिक झिजलेली असेल तर ती आपोआप एका बाजूला ओढते आणि घोडा रस्त्यावरून तिरपा जात राहतो. कंट्रोलर बदलून बघा, आणि गेममध्ये डेड झोन, म्हणजे स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करते तेवढी जागा, वाढवायची सोय असली तर ती वापरा.

सरावासाठी रेड डेडचा दुसरा भाग चांगला. कथेच्या दुसऱ्या प्रकरणात छावणी हॉर्सशू ओव्हरलुकवर असते, तिथून व्हॅलेंटाइन गावापर्यंत जा. छावणीभोवती झाडी आहे, ती दुडकीनं ओलांडा. मोकळ्यावर आलात की लय धरून चौखूर. गावाच्या तोंडाशी आर-वननं मंदावा, कारण गल्लीत माणसं आहेत आणि घोड्यानं कुणाला धडक दिली की शेरीफ मागं लागतो. तबेल्यात घोडा बांधा, खरारा करा, हॉर्स रिव्हायव्हर, म्हणजे पडलेल्या घोड्याला मरायच्या आत उठवणारं औषध, घेऊन ठेवा आणि सेव्ह करा. परतीच्या वाटेला आवाज बंद करून, नुसत्या हातानं लय लागते का बघा.